अव्वासाठी एक राखीव

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक एकतर जांभई देतात, नाहीतर स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवून म्हणतात, "हे जरा हँग होऊन राहिलं, बघा की." मी मोबाइल दुरुस्त करत नाही. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅब कंपनीचे डेटाबेस सर्व्हर मी लातुरात बसून सांभाळते. मुरुड, बिलोली, नायगाव, जिथं आमची शाखा आहे तिथं कुणाच्या दंडात सुई गेली, की त्याचं नाव, वय, साखर, सगळं माझ्या सर्व्हरवर येऊन बसतं. ते नीट बसतंय ना, डिस्क भरत आली नाही ना, एका कामानं दुसऱ्याची वाट अडवून धरली नाही ना, हे रोज सकाळी आल्या आल्या बघायचं. ऑफिसात मला 'सर्व्हरची नर्स' म्हणतात. म्हणोत बापडे.

सर्व्हर दोन आहेत. मेन लातूरला, राखीव नांदेडला. मेनवर जे लिहिलं जातं ते त्याच क्षणी राखीवमध्ये उतरतं. राखीव स्वतः काही करत नाही, नुसता ऐकत बसतो आणि सारखा विचारत राहतो, आहेस का? मेन म्हणतो, आहे. ज्या दिवशी मेनकडून उत्तर येत नाही, त्या दिवशी राखीव जरा वाट बघतो आणि स्वतःच मेन होऊन कामाला लागतो. लॅबच्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

सर्व्हरची तब्येत बघून झाली की मी आईला फोन करायचे. तिला मी अव्वा म्हणते. आम्ही मूळचे उदगीरकडचे, त्यामुळे घरात निम्मं कानडी. बाबा गेल्यापासून अव्वा नांदेडला तरोडा नाक्याजवळ एकटी राहते. ती फोनवर हॅलो म्हणत नाही, "हायस का?" म्हणते. मी म्हणायचे, "हाय गं." की लगेच मी तिची तपासणी सुरू करायचे. बीपीची गोळी घेतली का? पायावर सूज आहे का? ऊटा आयता, म्हणजे जेवलीस का? गेल्या वर्षी तिला हलकासा झटका आला आणि तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. ते सुधारलं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "यांना घाबरू देऊ नका. पुन्हा धक्का बसला तर निभावणार नाही." लातूरला चल म्हटलं की ती मठातलं सोमवारचं भजन पुढं करते. हट्टात ती माझी आई शोभते.

एकदा तिनं विचारलं, "दिवसभर करतीस तरी काय गं तिथं?" मी मेन आणि राखीवची गोष्ट सांगितली. तिला ती लई आवडली.

"म्हंजे एक गप झालं की दुसरं हजर?"

"हाव."

"मंग माझ्यासाठी बी एक राखीव ठेव की, नांदेडात. तू ऱ्हा तिकडं. ती ऱ्हाईल माझ्यापाशी."

"ठेवते," मी हसून म्हणाले. ती हसली नाही. "ठेव बरं का," एवढंच म्हणाली.

२

आमच्या कामात एक नियम आहे. मेन दोन होऊ द्यायचे नाहीत.

बंद पडलेल्या मेनला आपण बंद पडलो होतो हे कळत नाही. तो जागा होतो तेव्हा त्याला वाटतं, आपण सलग चालूच होतो. तिकडं राखीव मेन होऊन बसलेला असतो आणि हाही मेन म्हणून उठतो. मग दोघंही एकाच पेशंटबद्दल आपापलं लिहीत सुटतात. मशिनींना काही होत नाही, मधली माहिती मरते. म्हणून जो गप्प झाला होता त्याला हातानं थांबवायचं, कितीही जुना आणि भरवशाचा असला तरी. मग त्याला पुसायचं आणि नव्याकडं जे आहे ते त्याच्यात भरायचं. भरून झालं की तो राखीव. त्याला स्वतःचं काही आठवत नाही, आठवतं ते नव्याचं. हे मी कितीदा केलंय. कधी वाईट वाटलं नाही. मशीन ते मशीन.

त्या सकाळी जेसीबीनं रस्ता खोदताना आमची केबल तोडली. नांदेडशी संपर्क गेला आणि पाठोपाठ लातूरचा मेनही आडवा झाला. धोक्याच्या सूचनांनी माझा मोबाइल कोकलायला लागला, तेव्हा मी सगळ्या सूचना आणि सगळे आवाज बंद केले. काम करताना असंच करतात, नाहीतर डोकं फिरतं. अव्वाला फोन करायचा राहिला होता. म्हटलं, दहा मिनिटांत करू.

सर्व्हररूममध्ये गेले, दार आतून लावलं. तिथं एसीचा गारठा आणि पंख्यांची एकसुरी घरघर असते. मेन सुरू होईना. मी खाली बसून रॅकला पाठ टेकली. डोळा लागला असेल. लागलाच असेल, कारण मधलं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा पंखे फिरत होते आणि मेन जागा झाला होता. केबल जोडलेली दिसत होती. नांदेडचा राखीव नियमाप्रमाणं मेन झाला होता आणि सगळ्या शाखा त्याच्याकडं वळल्या होत्या. मी खूश झाले. लातूरच्या मेनला थांबवून ठेवलं आणि नांदेडच्या सर्व्हरवर आत्ता कोण कोण काम करतंय ते बघितलं.

शाखांची नावं होती. आणि एक नाव माझं होतं. सुकन्या. माझ्याच पासवर्डनं उघडलेलं, नांदेडच्या ऑफिसातल्या मशीनवरून. ते नाव नुसतं उघडून ठेवलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तिकडून आज्ञा येत होत्या, ज्या मी दिल्या असत्या त्याच, त्याच क्रमानं. मी मनात म्हणायचे, आता डिस्क बघू, की तिकडून डिस्क बघितली जायची.

३

मला राग आला. भीती नंतरची. माझा पासवर्ड वापरतो म्हणजे काय? नांदेडच्या ऑफिसात उमाशंकर असतो. तो हुशार आहे, पण आगाऊपणाला तोड नाही. मोबाइल बंद पडला होता म्हणून मी टेबलावरच्या फोनवरून त्याला लावला.

"उमाशंकर, माझ्या नावानं कोण बसलंय रे?"

पलीकडून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम?"

"मॅडमच. कोण बसलंय ते सांग."

"थट्टा करून राहिल्या का? तुमीच तर बसलाव की. आत, मशिनीपाशी. मी भायेर हाय, मला काचंतून तुमची पाठ दिसून राहिली." मग त्याचा श्वास ऐकू आला. "तुमच्या हातात फोन न्हाई, मॅडम. मंग ह्यो फोन कुठून…"

त्यानं फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही. मी तिथंच उभी राहिले आणि उमाशंकर नालायक आहे, दुपारची घेतो की काय, असं स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या खोलीत माझा आवाज मला आवडला नाही.

४

डोकं ठिकाणावर आणायचं तर आधी खाऊन घ्यावं म्हणून डबा उघडला. सकाळी मीच थापलेल्या भाकरीवर हिरवी बुरशी चढली होती. दह्याला पाणी सुटून वर पिवळसर कातडं आलं होतं. डबा बंद केला, परत उघडला. बुरशी होतीच.

मग खांद्याकडं लक्ष गेलं. ओढणीवर धूळ होती. दुकानात पडून राहिलेल्या कापडावर बसते तशी सारखी, बारीक धूळ. झटकली तर नाकात गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला भूक नव्हती. तहानही नव्हती.

कितीतरी वेळानं उठून बाहेर आले. गेटवर दगडोबा वॉचमन बिडी विझवत होता. मला बघून त्यानं ती विझवायची सोडली आणि बोट भाजून घेतलं.

"मॅडम? तुमी कवा आल्याव?"

"सकाळी नाही का आले तुमच्यासमोर?"

"मी तर गेटावरून हाललो न्हाई आज. आन तुमी तर नांदेडला गेल्याव न्हवं? तुमचाच फोन आला व्हता. म्हणल्याव, दगडोबा, आता आईजवळच ऱ्हाते, तिकडंच बदली करून घेतली. ती मशिनीची खोली बी कुलपात हाय समजून आमी उघडली न्हाई." त्यानं मला पायापासून वर बघितलं. "बरं हाय न्हवं, मॅडम? लई पांढऱ्या दिसून राहिल्याव."

मी म्हणाले, बरं आहे. माणूस असं म्हणतोच. बंद पडलेल्याला आपण बंद पडलो होतो हे कळत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचे, तेव्हा त्यावर हशा यायचा.

५

दगडोबाच्या फोनवरून अव्वाला लावला. नंबर चुकू नये म्हणून एकेक आकडा बघून दाबला.

"कोन?" अव्वानं विचारलं. हायस का, असं विचारलं नाही.

"अव्वा, मी गं."

"मी म्हंजे कोन? सुकन्याला पायजे का? आत हाय ती, हापिसातून आत्ताच जेवायला आली, दूध तापवून राहिली." आणि मग फोन बाजूला धरून, किती आनंदानं, ती ओरडली, "सुकन्या! फोन हाय बघ तुजा!"

मला भांडं ठेवल्याचा आवाज आला. पावलं आली. मी चालते तशी, टाच घासून; त्यावरून अव्वानं मला लहानपणापासून शंभरदा टोकलंय. पावलं फोनपाशी येऊन थांबली. माझ्याइतकंच तिकडचंही कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं. मग फोन बंद झाला.

मी रडले. गेटवर, दगडोबासमोर, तोंडावर ओढणी न घेता रडले. अव्वाजवळ कोण आहे हे मला माहीत नव्हतं आणि अव्वाला घाबरवायचं नव्हतं. पोलिसांना काय सांगणार? माझ्या आईच्या घरात मी घुसले आहे, मला पकडा?

६

अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली तोवर ऊन कललं होतं. रस्ताभर मी डोक्याला कामाला लावलं. कुणीतरी माझ्यासारखी दिसणारी बाई असेल. अव्वाचे डोळे अधू. उमाशंकरनं नुसती पाठ पाहिली. दगडोबानं नुसता आवाज ऐकला. प्रत्येकाचं वेगळं वेगळं उत्तर सापडत होतं. सगळ्यांचं मिळून एक सापडत नव्हतं.

अव्वाचं घर तळमजल्यावर आहे. शेजारच्या केवळाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या हातातलं सूप कलंडलं.

"अगं, आत्ता तर तू दार लावून आत गेलीस. माझ्या म्होरून." त्या दाराकडं बघायला लागल्या, मग माझ्याकडं. "भायेर कवा आलीस?"

मी ओठांवर बोट ठेवलं. का ठेवलं माहीत नाही. त्या उठल्या आणि शेंगा तशाच टाकून घरात गेल्या. त्यांनी कडी लावल्याचा आवाज आला.

बोळाकडं एक जाळीची खिडकी आहे. तिथून देवघराचा कोपरा दिसतो. मी खिडकीला डोळा लावला.

अव्वा संध्याकाळच्या पूजेला बसली होती. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर. तिच्याजवळ गुडघ्याला गुडघा लावून एक बाई बसली होती, माझ्याकडं पाठ करून. तिचाही डावा तळहात पुढं होता. मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. तव्याचा. सहावीत असताना पहिली भाकरी करायला गेले तेव्हाचा. मी माझं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं.

"लई दिसांनी बसलीस गं माझ्यासंगं," अव्वा म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "फोनवर नुसतं गोळी घेतली का, गोळी घेतली का."

"आता रोज बसंन," ती बाई म्हणाली. आवाज माझा होता. पण इतक्या मायेनं मी कधी बोलले नव्हते.

७

मला ते सहन झालं नाही. मी दारावर थाप मारली. "अव्वा!"

"यारू?" अव्वा दचकून म्हणाली. "कोन हाय?"

"अव्वा, मी हाय! सुकन्या! दार उघड!"

आणि आतून, माझं वाक्य संपायच्या आत, त्याच आवाजात, "अव्वा, मी हितं हाय. हितंच हाय."

मी पुन्हा खिडकीशी धावले. अव्वा दाराकडं बघत होती, मग शेजारी बघत होती, मग पुन्हा दाराकडं. तिनं इष्टलिंग छातीशी घट्ट धरलं. "सुकन्या… सुक… भायेर… तू तर…" तिची जीभ जड झाली. आणि तोंडाचा डावा कोपरा हळूहळू खाली ओढला जायला लागला. अगदी गेल्या वर्षीसारखा.

"अव्वा!" मी ओरडले. "अव्वा!" आतूनही तेच आलं, एकाच वेळी, आणि अव्वाच्या डोळ्यांतली ओळख विझायला लागली. ती आम्हा दोघींपैकी कुणालाच ओळखेना.

तेव्हा मला सगळं कळलं. दोन मेन झाले होते. आम्हा दोघींना काहीही होणार नव्हतं. मरणार होती ती मधली.

अशा वेळी थांबवायचं कुणाला, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. इतकं जोरात दाबलं की दात ओठात रुतले. मला आत जाऊन त्या बाईचे केस धरून तिला फरफटत बाहेर काढायचं होतं. अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. मी तोंड दाबून भिंतीला टेकून उभी राहिले आणि श्वाससुद्धा नाकातून हळू घेतला.

"कोन… कोन गं?" आतून अव्वा कशीबशी म्हणाली.

"कुणी न्हाई, अव्वा," माझा आवाज म्हणाला. "कुणी न्हाई. मी हाय न्हवं?"

जरा वेळानं मी एकदाच डोकावले. अव्वाचं तोंड सरळ होत होतं. त्या बाईनं तिला जवळ घेऊन तिच्या केसांत बोटं घातली होती. तिनं वळून पाहिलं नाही. फक्त तिचा एक हात मागं आला, डाग असलेला, आणि तळवा खिडकीकडं करून थांबला. आम्ही मशीन थांबवताना पोरांना करतो तसा. बस, आता हात लावू नका.

८

मी लातूरला परत आले. सर्व्हररूमच्या बाहेरच्या खोलीत बसते. दगडोबा काही विचारत नाही, माझ्याकडं फारसं बघतही नाही.

रोज टेबलावरचा फोन वाजतो. मागं कुकरची शिट्टी असते, कधी भजनाला निघायची अव्वाची गडबड. माझाच आवाज विचारतो, "हायस का?"

मी म्हणते, "हाय."

फोन बंद होतो. सुरुवातीला मी उचलायचा नाही असं ठरवायचे. पण उद्या ती गप्प झाली तर अव्वाजवळ कोण जाणार? कुणीतरी तयार असायला हवंच. म्हणून उचलते.

फोन ठेवला की मला काही गोष्टी माहीत असतात. अव्वा आज काय जेवली. पायाची सूज उतरली. केवळाबाईंनी घर बदललं. माझ्या बोटांना खोबरेल तेलाचा वास येतो, तिच्या डोक्याला चोळतात त्या तेलाचा, आणि नखांत विभूती सापडते. मला ते आवडतं. हे कबूल करायला भीती वाटते, पण आवडतं. इतकी वर्षं मी तिची नुसती तपासणी केली. आता रोज तिच्याजवळ बसल्याचं आठवतं.

माझं मात्र जायला लागलंय. आधी सर्व्हरचे पासवर्ड गेले. मग डब्यातली ती बुरशी. होती एवढं ठाऊक आहे, डोळ्यांसमोर येत नाही. बसमध्ये मी कुठं बसले होते, खिडकीशी की आत? लोहा लागतं का त्या रस्त्याला? म्हणून जे आठवतं ते घाईघाईनं सांगून टाकलं, घोटाळा व्हायच्या आत. आता तो दारातला प्रसंग तेवढा पक्का राहिलाय, तोही आज सकाळच्या फोननंतर अधिकच स्वच्छ आठवतो.

संध्याकाळ होती. मी आणि अव्वा पूजेला बसलो होतो. तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला होता आणि देवघरात उदबत्तीचा वास होता. तेवढ्यात कुणीतरी दार बडवायला लागलं. कुणी बाई होती, माझं नाव घेऊन ओरडत होती. अव्वा इतकी घाबरली की तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. मी तिला पोटाशी धरलं. खिडकीच्या जाळीवर एक डोळा टेकलेला होता. मी तिकडं पाहिलं नाही, नुसता हात मागं केला.

मग मी म्हणाले, "कुणी न्हाई, अव्वा. कुणी न्हाई."